एवढ्यात निघू नकोस

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारा पदार्थ, तयार करण्याचं प्रात्यक्षिक असायचं आणि वर्षभरातला तो आमचा सर्वांत लाडका दिवस होता. एरवी प्रयोगशाळेत शिरलं की नाकाला झोंबायचं. त्या दिवशी मात्र परीक्षानळीत थोडं आम्ल, थोडा अल्कोहोल आणि वरून तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब टाकायचे, नळी गरम पाण्यात धरायची आणि वाट बघायची. थोड्या वेळाने एका टेबलावरून पिकलेल्या केळ्याचा वास यायचा, दुसऱ्यावरून अननसाचा, तिसऱ्यावरून सांधेदुखीच्या मलमाचा. माझ्या वाट्याला आलं होतं ओलेइक आम्ल आणि इथेनॉल. मीही नळी गरम केली, थंड केली, मिठाच्या पाण्याने धुतली. वर तेलाचा एक फिका थर तरंगला. नाकाजवळ नेला तर काहीच नाही. अगदी जवळ नेल्यावर पुसट तेलकटपणा जाणवला, तोही असेल असं वाटल्यामुळे जाणवला असावा. प्रयोग फसला असं धरून मी सरांकडे गेले. त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "झालंय बरोबर. याला फारसा वास नसतोच."

मी वहीत 'इथाइल ओलिएट, रंगहीन, तेलकट, वास नाही' असं लिहिलं आणि शेजारच्या टेबलावर केळ्याचा वास घ्यायला गेले. या रेणूला वास आहे, फक्त तो माणसाच्या नाकासाठी नाही, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

आधी त्याची ओळख करून देते, कारण त्याचं सगळं वागणं त्याच्या अंगकाठीत आहे.

ओलेइक आम्ल म्हणजे अठरा कार्बनांची साखळी. एका टोकाला आम्लाचा गट आणि बरोबर मधोमध, नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या दरम्यान, एक दुहेरी बंध. या बंधापाशी साखळी वाकते, कोपरात दुमडलेल्या हातासारखी. हा बाक नसलेलं, तितक्याच लांबीचं स्टिअरिक आम्ल सरळ काठ्यांसारखं शेजारी शेजारी रचून बसतं आणि ६९ अंश सेल्सिअसपर्यंत घट्टच राहतं. ओलेइक आम्लाच्या वाकड्या काठ्यांची मोळी नीट बांधता येत नाही, म्हणून ते १३-१४ अंशांनाच वितळतं. तोच दुहेरी बंध, तेच अणू, फक्त बाक न येईल अशा रीतीने मांडले तर एलाइडिक आम्ल मिळतं आणि वितळणबिंदू थेट ४५ अंशांच्या आसपास जातो. एका वळणाने तीस अंशांचा फरक पडतो, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता या आम्लाच्या टोकाला इथेनॉल जोडायचं. जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. हिशेब अगदी चोख आहे: २८२ अधिक ४६ वजा १८, म्हणजे ३१०. हा आपला इथाइल ओलिएट. आम्ल असताना त्याचे रेणू दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकांचे हात धरून असतात, हायड्रोजन बंधांनी. एस्टर झाल्यावर धरायला हातच उरत नाही. त्यामुळे हा द्रव इतका सैल होतो की गोठवायला तापमान उणे ३२ अंशांपर्यंत खाली न्यावं लागतं. पाण्यापेक्षा हलका, पाण्यात न मिसळणारा, तेलात आणि अल्कोहोलात सहज मिसळणारा. साध्या खाद्यतेलापेक्षा बराच पातळ, कारण तेलाच्या रेणूत अशा तीन साखळ्या एका ग्लिसरॉलला बांधलेल्या असतात आणि इथे एकटी साखळी मोकळी फिरते. हवेशी मात्र त्याचं पटत नाही. दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंच्या कार्बनांवरचे हायड्रोजन ऑक्सिजन सहज पळवतो आणि उघडी राहिलेली कुपी हळूहळू खवट होते. म्हणून प्रयोगशाळेत ती नायट्रोजन भरून, झाकण घट्ट लावून, थंड जागी ठेवतात.

'एस्टर' हा शब्द लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनज्ञाने १८४८ साली घडवला. ओलेइक आम्लाची ओळख त्याही आधीची. मिशेल शेव्हरल या फ्रेंच संशोधकाने चरबी आणि साबण यांवर वर्षानुवर्षं काम करून १८२३ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि मेदाम्लं वेगवेगळी करून दाखवली. शेव्हरल १०२ वर्षं जगले. मेदाम्लांचा विचार करताना ही गोष्ट मला उगाचच आठवत राहते, कारण मी ज्या रेणूविषयी लिहिते आहे त्याचा सगळा संबंध वयाशी आहे.

आणखी एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. १८६२ च्या सुमारास मार्सेलिन बर्थेलो आणि पेआँ द सँ-जिल यांनी आम्ल आणि अल्कोहोल एकत्र ठेवून काय होतं ते चिकाटीने मोजलं. त्यांना दिसलं की ही क्रिया कधीच पूर्ण होत नाही. ॲसेटिक आम्ल आणि इथेनॉल समप्रमाणात घेतलं, तर साधारण दोन-तृतीयांश एस्टर होतो आणि गाडी तिथेच थांबते. खरं तर थांबत नाही. जितका एस्टर जुळतो तितकाच पाण्याने तुटतो, म्हणून बाहेरून थांबल्यासारखी दिसते. एस्टर हवा असेल तर पाणी काढून टाकावं लागतं. पाणी भरपूर असेल तर तुटण्याची बाजू वरचढ ठरते. आता प्रश्न असा, की जिथे सगळीकडे पाणीच पाणी आहे अशा सजीवाच्या पोटात हा एस्टर तयार कसा होतो? आणि मुळात कुणाला तो कशाला हवा असतो?

इथून पुढे गोष्ट मधमाश्यांची आहे.

मधमाशीच्या पोळ्यात कामं वयानुसार वाटलेली असतात, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. कामकरी माशी जन्मली की आधी घरं साफ करते, मग दाई होऊन अळ्यांना भरवते, मग मेण काढून घरं बांधते, आलेला मकरंद आटवते, दाराशी पहारा देते. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते. त्यातले पहिले दोन-तीन आठवडे ती आतच असते आणि शेवटचे दिवस बाहेर, मकरंद आणि पराग आणण्यात जातात. बाहेरचं काम सर्वांत धोक्याचं आहे, म्हणून ते सर्वांत शेवटी. एवढं वाचून आपण समजतो की हे सगळं घड्याळासारखं आतून ठरलेलं असणार.

तसं ते नाही. १९९२ साली झॅकरी हुआंग आणि जीन रॉबिन्सन यांनी माश्यांच्या वसाहतींची वयाची रचना बदलून पाहिली. सगळ्याच माश्या कोवळ्या असल्या, म्हणजे बाहेर जाणारं मोठं कोणी उरलंच नाही, तर त्या कोवळ्यांतल्याच काही माश्या आठवड्याच्या आत बाहेर पडू लागतात. उलट, मोठ्या माश्या भरपूर असतील तर कोवळ्या माश्या जास्त दिवस आत थांबतात. म्हणजे मोठ्यांचं नुसतं असणं लहानांना थोपवून धरतं. माशीच्या शरीरात एक संप्रेरक हळूहळू वाढतं आणि ते वाढलं की ती बाहेर पडण्याच्या वयाची होते. मोठ्या माश्यांच्या सहवासात ते वाढणं लांबतं. (गंमत म्हणजे हे 'ज्युव्हेनाइल हॉर्मोन'ही रासायनिकदृष्ट्या एक मिथाइल एस्टरच आहे, मेदाम्लाचा नसला तरी.)

पण मोठी माशी आपलं असणं लहानीला कळवते कशाने? २००४ साली इझाबेल लिऑन्सिनी, ईव्ह ल काँत, रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. बाहेर जाणाऱ्या माश्यांच्या मधाच्या पिशवीत, म्हणजे पोटातल्या ज्या भागात त्या मकरंद साठवून आणतात तिथे, एक पदार्थ त्यांना आतल्या माश्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडला. तोच पदार्थ बाटलीतून घेऊन कोवळ्या माश्यांना भरवला, तर त्यांचं बाहेर पडणं लांबलं. तो पदार्थ होता इथाइल ओलिएट. वहीत 'वास नाही' लिहून मी ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, तोच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या होत्या. आनंद होता, आणि थोडी शरमही. आपल्याला जे जाणवत नाही ते नाहीच असं किती पटकन लिहून टाकतो आपण.

मग मी याबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. या एस्टरला इथेनॉल लागतं, आणि माशीच्या शरीरात ते येतं कुठून? फुलातून. मकरंदात यीस्ट वाढतात, साखर आंबवतात, त्यात थोडंसं इथेनॉल तयार होतं. फुलाफुलांवर फिरणाऱ्या माशीला ते रोज मिळतं, पोळ्याच्या आत राहणाऱ्या माशीला क्वचित. ओलेइक आम्ल तिच्या शरीरात असतंच. अन्ननलिका आणि मधाची पिशवी या भागात तिचे विकर, एन्झाइम, या दोघांना जोडतात. एरवी विकरांची हीच जात मेदाचे एस्टर तोडण्याचं काम करते. समोर इथेनॉल आलं की मात्र तोडता तोडता साखळी पाण्याऐवजी त्याच्या हाती देते. पाण्याने भरलेल्या पोटात एस्टर कसा, या माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. बर्थेलोचा नियम मोडलेला नाही. तयार झालेला तेलकट एस्टर पाण्यात विरघळत नाही, तिथून सरकून माशीच्या बाह्य कवचावर येतो आणि हिशेबाबाहेर जातो. पोळ्याच्या मध्यभागी माश्या ३४-३५ अंशांची ऊब राखतात. त्या उबेत कवचावरून त्याची अगदी विरळ वाफ उठते आणि आसपासच्या कोवळ्या माश्यांच्या स्पर्शिकांपर्यंत पोचते.

म्हणजे ज्या प्रवासाने माशी झिजते, त्याच प्रवासाची खूण तिच्या अंगावर येते. बाहेर गेल्याशिवाय हा एस्टर इतका साठत नाही. नुसतं वय वाढून चालत नाही, फुलांपर्यंत जाऊन यावं लागतं. आणि परत यावं लागतं. न परतलेल्या माशीचा एस्टर कुणालाच मिळत नाही. पोळ्यातली त्याची वाफ विरळ होत जाते आणि आतल्या कोवळ्या माश्यांना न सांगता कळतं की बाहेर माणसं कमी पडताहेत. माणसं म्हटलं मी, राहू दे तसंच.

केळ्याच्या वासाच्या एस्टरशी याची तुलना करून बघण्यासारखी आहे, कारण तोही मधमाशीकडे असतो. आयसोपेंटाइल ॲसिटेट, नांगीजवळचा धोक्याचा गंध. १९६२ साली तो ओळखला गेला. रेणुभार अवघा १३०, उत्कलनबिंदू १४२ अंश. माशीने डंख मारला की तो भसकन हवेत उडतो, दुसऱ्या माश्या काही क्षणांत चवताळून येतात आणि थोड्या वेळात गंध विरूनही जातो. ती बोंब आहे. इथाइल ओलिएटचा भार त्याच्या अडीचपट. तो उडत नाही, रेंगाळतो. त्याने कोणी दचकत नाही, कोणी धावत नाही. दिवसेंदिवस अंगाला लागत राहिल्याने आतली संप्रेरकं बदलतात आणि वागणं बदलतं ते आठवड्यांनी. कीटकांच्या अशा रासायनिक निरोपांना १९५९ साली कार्लसन आणि ल्युशर यांनी 'फेरोमोन' हे नाव दिलं. शेतीच्या पुस्तकांतून मराठीत 'कामगंध' हा शब्द रुळला आहे, पण तो नर-मादीच्या आकर्षणासाठी. थोपवून धरणाऱ्या गंधाला आपल्याकडे शब्द नाही. मी मनातल्या मनात 'धीरगंध' म्हणते. कोणी वापरला नाही तरी हरकत नाही.

मधमाश्यांची भाषा म्हटलं की सगळ्यांना कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलेलं नृत्य आठवतं, आणि ते आहेच थक्क करणारं. पण नृत्याने माशी सांगते ते फूल कुठे आहे. हा एस्टर सांगतो की तुझी वेळ अजून झालेली नाही. मला विचाराल तर दुसरा निरोप जास्त अवघड आहे.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती या सगळ्या वाचनात मला सर्वांत खोल लागली.

१९५८ साली एडवर्ड विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंग्यांवर एक प्रयोग केला. मुंगी मेली की पहिले एक-दोन दिवस तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. मग तिच्या शरीरातला मेद सुटा होऊ लागतो, आणि इतर मुंग्या तिला उचलून कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकतात. हा मृत्यूचा गंध कशाचा, याचा माग काढत विल्सन मुख्यतः एका पदार्थापाशी पोचले: ओलेइक आम्ल. त्यांनी जिवंत, धडधाकट मुंग्यांना ते आम्ल लावलं. इतर मुंग्यांनी त्या हातपाय झाडणाऱ्या मुंग्यांना उचललं आणि ढिगावर नेऊन टाकलं. त्या चालत परत आल्या, पुन्हा उचलल्या गेल्या. स्वतःला चाटूनपुसून स्वच्छ केल्यावरच त्यांना घरात जागा मिळाली. मधमाश्यांतही मेलेल्या अळ्या ओळखून बाहेर काढण्याच्या कामात ओलेइक आम्लाचा हात आहे, असं अलीकडच्या कामातून दिसलं आहे.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. ओलेइक आम्ल मोकळं असलं तर कीटकांच्या जगात अर्थ होतो: ही मेली आहे, हिला बाहेर काढा. त्याच आम्लाच्या टोकाला दोन कार्बनांचं इथेनॉल जोडलं, पाण्याचा एक रेणू बाहेर गेला, की पोळ्यात अर्थ होतो: आम्ही आहोत अजून, तू थांब. एवढंच अंतर. पाण्याचा एक रेणू परत आत घेतला की एस्टर फुटतो आणि पुन्हा तेच आम्ल. बर्थेलोने मोजलेली ती दोन्हीकडून चालणारी क्रिया परीक्षानळीत मी किती निर्विकारपणे लिहिली होती, दोन बाणांचं चिन्ह काढून.

आणि थांबवणारे फक्त मोठेच नसतात. पोळ्यातल्या अळ्याही आपल्या लाळग्रंथींतून मेदाम्लांचे दहा एस्टर सोडतात, पाच मिथाइल, पाच इथाइल, आणि त्यांतही इथाइल ओलिएट आहे. त्यांतले काही कामकऱ्यांना सांगतात की माझ्या घराला मेणाचं झाकण घाला, मी आता कोशात जाते. हेच मिश्रण कमी मात्रेत मिळालं तर कोवळ्या माश्या लवकर बाहेर पडतात, जास्त मात्रेत मिळालं तर उशिरा. अळ्या थोड्या असतील तर आणणारे हात वाढवायचे आणि अळ्या खूप असतील तर भरवणारे हात आत ठेवायचे, असा काहीसा हिशेब असावा. एकच मिश्रण, कमी-जास्त झालं की निरोप उलटा.

या निरोपावर बाहेरचेही कान लावून बसलेले असतात. व्हरोआ हा मधमाश्यांचा परजीवी माइट झाकण पडण्याच्या बेतात असलेल्या घरात शिरतो आणि आत अळीवर पोसतो. त्यातही त्याला नर अळ्या जास्त आवडतात. १९८९ साली ल काँत आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याला ओढतात ते हेच साधे एस्टर, विशेषतः मिथाइल पाल्मिटेट. नर अळ्या ते जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ सोडतात. माझ्या घराला झाकण घाला ही बाळाची हाक चोरालाही तितकीच स्पष्ट ऐकू येते. यावर मला काही बोलता येत नाही.

माझी आई चौदाव्या वर्षी मिळवती झाली. तिचे वडील एका आजारात चार दिवसांत गेले. तिच्याहून मोठं, बाहेर जाऊन कमावून आणणारं, घरात कोणी उरलं नाही. ती सकाळी शाळेत जायची आणि दुपारी हिशेब लिहायच्या कामाला. पुढे शाळा सुटली, काम राहिलं. तिने हे कधी दुःख म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या कशाच्या तरी ओघात, 'तेव्हा मी कामाला लागले होते' एवढंच यायचं. पण ती आजही भरभर चालते, बरोबरच्यांना मागे टाकून. कुठल्याही कार्यक्रमाला गेलो तरी दाराजवळची खुर्ची धरते. मी तिशीपर्यंत शिकत राहिले, परीक्षानळ्यांचे वास घेत बसले, आणि मला कोणी 'आता पुरे' म्हटलं नाही. या रेणूबद्दल वाचायला लागेपर्यंत त्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्याच नव्हत्या.

२०१५ साली क्लिंट पेरी, अँड्र्यू बॅरन आणि सहकाऱ्यांनी वेळेआधी बाहेर पडलेल्या माश्यांच्या पाठीवर इवल्या चकत्या चिकटवून त्यांच्या फेऱ्या मोजल्या. कोवळ्या माश्यांच्या फेऱ्या कमी भरल्या, पहिल्याच उड्डाणांत मरण्याचं प्रमाण जास्त. आणि त्या मेल्या की त्यांच्याहून कोवळ्या बाहेर निघतात, त्या आणखी लवकर मरतात. सुरुवातीला बाहेरून पोळं ठीकठाक दिसतं, ये-जा चालू असते. मग काही आठवड्यांत ते कोसळतं. त्या शोधनिबंधातले आलेख मी माणसाचं आयुष्य बघावं तसे बघितले, आणि शास्त्रज्ञाने तसं बघू नये हे मला माहीत आहे. माशीला दुःख होतं की नाही यावर मी काही म्हणत नाही. पण आलेखाची ती उतरती रेघ मला घरातली वाटली, हेही खरं आहे.

माणसाच्या शरीरातही इथाइल ओलिएट सापडतो, आणि तिथे त्याचं रूप सर्वस्वी वेगळं आहे. आपण घेतलेलं बहुतेक इथेनॉल यकृतात जळतं. अगदी थोडा भाग दुसऱ्या वाटेने जातो आणि शरीरातल्या मेदाम्लांना चिकटतो. १९८६ साली एलिझाबेथ लापोसाटा आणि लुईस लँग यांनी मद्याच्या अमलाखाली मरण पावलेल्यांच्या अवयवांत हे एस्टर मोजले. मद्याने ज्या अवयवांची हानी होते, स्वादुपिंड, यकृत, हृदय, तिथेच ते साठलेले होते. स्वादुपिंडाच्या पेशींत ते कॅल्शियमचा तोल बिघडवतात आणि मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचं, काम मोडतात. माशीच्या पोटात जी जुळणी निरोप होते, तीच इथे जखम होते. कीटकाला त्या एस्टरचा अर्थ लावणारी स्पर्शिका आहे. आपल्या पेशीला ती नाही.

अर्थ लावतात ते प्रयोगशाळेतले लोक. हे एस्टर केसांत उतरतात, आणि केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढत असल्याने तीन सेंटीमीटर केस म्हणजे तीन महिन्यांची नोंदवही. त्यात असे चार एस्टर, इथाइल ओलिएट धरून, एकत्र मोजत असत. एक मिलिग्रॅम केसांत अर्धा नॅनोग्रॅम ही अतिमद्यपानाची सीमा मानली गेली. केसांना इथेनॉल असलेलं काही लावत असाल तर ही नोंद चुकते, म्हणून एकट्या या चाचणीवर कोणाचा न्याय करू नये असं मला मनापासून वाटतं.

नवजात बाळाची पहिली शीही अशीच नोंदवही असते. गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असल्यापासून ती आतड्यात साठायला लागते. आईने घेतलेलं इथेनॉल वारेतून बाळापर्यंत पोचतं. तयार एस्टर मात्र वारेतून फारसे पार होत नाहीत, बाळाचं स्वतःचं शरीर ते बनवतं. म्हणून या पहिल्या शीत एका ग्रॅमला दोन नॅनोमोलहून जास्त एस्टर सापडले, तर बाळाने पोटात असताना मद्याला तोंड दिलं असं धरतात. ज्याला अजून रडताही येत नव्हतं त्याने लिहून ठेवलेली साक्ष. ती आईला शिक्षा करायला वापरायची की बाळाला आणि आईला वेळेत मदत पोचवायला, हा प्रश्न रसायनाचा उरत नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.

बाकी त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. पातळ आणि तेलकट असल्याने काही औषधं, विशेषतः संप्रेरकं, त्यात विरघळवून स्नायूत टोचतात. द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेटबरोबर त्याच्या द्रावणात बुडवतात, म्हणजे सालीवरच्या मेणाचे पापुद्रे सरकतात आणि पाणी भराभर बाहेर पडतं. वनस्पती तेलापासून इंधन करतानाही त्याचीच भावंडं तयार होतात.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला फार प्रिय आहे. पोळ्यातल्या दाई माश्या सगळ्या काढून घेतल्या आणि फक्त बाहेर जाणाऱ्या, झिजलेल्या पंखांच्या माश्या अळ्यांसोबत उरल्या, तर त्यांतल्या काही पुन्हा दाई होतात. त्यांचं ज्युव्हेनाइल हॉर्मोन खाली येतं, अळ्यांना भरवण्याच्या आटलेल्या ग्रंथी पुन्हा भरतात. काहींची नवं शिकण्याची मंदावलेली क्षमताही परत येते. पंख मात्र झिजलेलेच राहतात.

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतून मी दोन मिलिलिटर इथाइल ओलिएट एका कुपीत घरी आणला. आईला दाखवायचा होता. ती हल्ली दुपारी एक जुनी पेटी घेऊन बसते, एक-एक सूर शोधत. लहानपणी शिकायची राहिली होती. मी तिला माश्यांची गोष्ट सांगितली, तिला कळेल अशी नव्हे, मला कळली तशी. तिने भाता सोडला, कुपी हातात घेतली, झाकण काढून वास घेतला.

"यात काहीच नाही गं."

"तुला नाही येत. मलाही नाही येत. लहान माशीला येतो."

तिने पुन्हा एकदा नाकाशी धरली. मग कुपी तिरकी करून, आतलं तेल काचेवरून सावकाश उतरताना बघत राहिली.

"आणि मोठी परत आलीच नाही तर?"

"मग लहानीला कळतं."

"कधी?"

"दोन-चार दिवसांत."

तिने मान हलवली. झाकण लावलं, नीट घट्ट बसलंय ना ते अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि कुपी मला परत दिली.